मोठ्याला नोकरी नाही, मग धाकटीसाठी कर्ज काढावं का?

वाचकाचं पत्र: मी करमाळा तालुक्यातला शेतकरी. तीन एकर रान, त्यात एक एकर बागायत. मोठा मुलगा केमिस्ट्री घेऊन फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झाला, पण दीड वर्ष घरीच आहे. मोबाईलवरून अर्ज करतो, कुठून फोन येत नाही. आता पुण्यातली एक कन्सल्टन्सी औषध कंपनीत लावून देतो म्हणून ३५,००० रुपये मागतेय. धाकटी मुलगी बारावी झाली. कॅप राउंडला पुण्याजवळच्या खासगी कॉलेजात तिला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मिळालं. आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला २,१०,००० चा. फी वर्षाला १,१८,००० सांगितली, होस्टेल-मेस वेगळं. एक एजंट म्हणतो, ४ लाख द्या, याहून चांगल्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर मिळवून देतो, फी १,६०,००० पडेल. बँकेचे साहेब म्हणाले, कॉलेज पुण्यात आहे तर पुण्याच्या शाखेत जा. अर्धा एकर विकू का कर्ज काढू? मोठ्याचं शिकून काही झालं नाही, मग धाकटीवर एवढा पैसा घालायचा का, असं घरात रोज चाललंय.

उत्तर:

नमस्कार. जमीन विकू नका, एजंटला ४ लाख देऊ नका आणि कन्सल्टन्सीला ३५,००० देऊ नका. मुलीला मात्र शिकवा. तिचं शिक्षण तुम्ही धरलंय त्यापेक्षा खूप स्वस्तात होणार आहे, आणि तेच एजंटने तुम्हाला सांगितलेलं नाही.

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजांनाही हे लागू आहे, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना नाही. अट एकच मोठी आहे: प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा कॉलेजने स्वतःच्या पातळीवर भरलेली जागा घेतली, की माफी गेली. म्हणजे एजंट तुमच्याकडून ४ लाख घेणार आणि वर चारही वर्षांची माफी घालवणार. शिवाय ठरलेल्या शुल्काबाहेर असा पैसा घेणं महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. त्याची पावती मिळत नाही, त्यामुळे उद्या प्रवेश फिसकटला तर दाद कुठे मागणार?

आता आकडे मांडू. कॉलेजकडून फीची फोड लेखी मागा. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि त्याच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय आकडा दिसतो. १,१८,००० मध्ये समजा शिक्षण शुल्क १,०५,००० आणि विकास शुल्क १३,००० असेल, तर माफी १,०५,००० ची. विकास शुल्क, होस्टेल, मेस आणि अनामत तुम्हालाच भरायची आहे. होस्टेल ५५,०००, मेस दहा महिन्यांची ३२,०००, पुस्तकं-प्रवास-किरकोळ १०,००० आणि विकास शुल्क १३,००० धरलं तर वर्षाला १,१०,००० होतात. चार वर्षांचे ४,४०,०००.

एजंटच्या वाटेने ४ लाख, अधिक १,६०,००० च्या चार फिया म्हणजे ६,४०,०००, अधिक राहण्या-जेवण्याचे आणि पुस्तकांचे ३,८८,०००. बेरीज १४,२८,०००. दोन्हींतला फरक ९,८८,००० रुपयांचा आहे. एवढा फरक कॉम्प्युटर आणि ई अँड टीसी या दोन शाखांच्या पहिल्या पगारात पडत नाही. मोठ्या आयटी सेवा कंपन्या फ्रेशर घेताना बहुतेक सगळ्या शाखांची मुलं घेतात. तिथे दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के, आणि अर्ज करताना एकही विषय मागे राहिलेला नसणं, हे आधी बघतात. या भरतीतलं सुरुवातीचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलंय. पीएफचा दोन्हीकडचा वाटा, ग्रॅच्युइटी आणि विमा वजा केला की हातात महिन्याला २२ ते २५ हजार येतात. कॉलेजवाले 'हायेस्ट पॅकेज' सांगतील. तुम्ही विचारा की तुमच्या शाखेची गेल्या वर्षी किती मुलं पास झाली, त्यातल्या किती जणांच्या हातात ऑफर लेटर पडलं आणि पगाराच्या क्रमाने बरोबर मधल्या मुलाला किती मिळाले. एकाच मुलाच्या तीन ऑफर तीन म्हणून मोजल्यात का, तेही विचारा.

तिला ई अँड टीसी नकोच असेल तर कॅपमधली जागा सोडू नका. ती स्वीकारून बेटरमेंटचा (पुढच्या फेरीत वरची पसंती मिळाली तर तिकडे जाण्याचा) पर्याय चालू ठेवायचा आणि पुढच्या फेरीसाठी पसंतीक्रम नीट लावायचा. ओबीसीसह सगळ्यांसाठी टीएफडब्ल्यूएस म्हणून ५ टक्के जादा जागा असतात, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांना शिक्षण शुल्क माफ. त्यांचे चॉइस कोड वेगळे असतात, पसंतीच्या यादीत ते घालायला बरेच पालक विसरतात.

आता कागदपत्रं, कारण पात्र मुलींचे पैसे अडकतात ते इथेच. जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर असेलच. जात वैधता प्रमाणपत्र आलंय का? नुसत्या अर्जाच्या पावतीवर कॅपमध्ये तात्पुरतं चालतं, पण दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र सादर झालं नाही तर मुलगी खुल्या प्रवर्गात मोजली जाते आणि राखीव जागा हातची जाते. जात पडताळणी समितीला ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तुमच्या वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा असं काही तरी. मोठ्या मुलाची किंवा चुलत भावंडांपैकी कुणाची वैधता झालेली असेल तर ते प्रमाणपत्र वंशावळीसह जोडा, प्रकरण बरंच हलकं होतं.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरताना मुलीच्या आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव एकच हवं. आडनाव आधी-नंतर, वडिलांच्या नावातलं एखादं अक्षर, इतक्याशा फरकावर अर्ज परत येतो. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. बँकेत नुसतं आधार दिलेलं असणं पुरत नाही, एनपीसीआयकडे (आधारवरून पैसे कोणत्या खात्यात वळवायचे याची नोंद ठेवणारी संस्था) तेच खातं जोडलेलं असलं पाहिजे. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग'चा फॉर्म भरून खात्री करून घ्या. अर्ज आधी कॉलेजच्या टेबलावर तपासला जातो, मग विभागाकडे जातो. त्रुटी निघाली तर तो परत मुलीच्या लॉगिनला येतो, त्यासाठी कुणी फोन करत नाही. दर आठवड्याला उघडून बघायची सवय तिला लावा. नूतनीकरण दरवर्षी करायचं असतं, आणि दुसऱ्या वर्षी ते राहून गेलेल्या मुली आम्हाला नेहमी भेटतात.

प्रवेशाच्या दिवशी कॉलेज म्हणेल, 'आत्ता पूर्ण फी भरा, शासनाचे आले की परत देऊ.' पात्र मुलींकडून माफ असलेलं शुल्क मागायचं नाही, असे शासनाचे निर्देश आहेत. शांतपणे शासन निर्णयाची प्रत दाखवा. तरी अडवलं तर तंत्रशिक्षण विभागाच्या पुण्याच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मुलीची मूळ प्रमाणपत्रं कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत, तपासून लगेच परत द्यावी लागतात. हे २०१८ पासून यूजीसीने स्पष्ट केलं आहे.

राहण्याच्या खर्चासाठीही वाटा आहेत. ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात. जागा मर्यादित आणि यादी गुणवत्तेवर, म्हणून आधी शासकीय वसतिगृहाचा अर्ज आणि मग हा, असे दोन्ही भरा. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठी वर्षाला ५०,००० ची आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. तिच्यासोबत दुसरी शासकीय शिष्यवृत्ती घेण्यावर अटी असतात. फी माफी आणि प्रगती या दोन्हींचे अर्ज ठोकून देण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती कक्षाला लेखी विचारा. दोन्हींतली एकच निवडायची वेळ आली तर १,०५,००० ची माफी सोडून ५०,००० धरायचे नाहीत, हे उघड आहे.

आता कर्ज. वर्षाच्या १,१०,००० पैकी ३५,००० तुम्ही घरातून उभे करू शकलात तर वर्षाला ७५,००० चं, एकूण ३ लाखांचं कर्ज लागेल. होस्टेल, मेस, पुस्तकं आणि लॅपटॉप हे सगळं शैक्षणिक कर्जात बसतं. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा म्हणजे तारखेसकट नोंद राहते. साहेबांनी पुण्याच्या शाखेत जायला सांगितलं ते चुकीचं आहे. शैक्षणिक कर्जाला सेवा क्षेत्राची अट लागू नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. पालक राहतात तिथली शाखा कर्ज देऊ शकते, आणि तुमच्यासाठी तीच सोयीची. पुन्हा नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा फाईल पुढे सरकते.

बँकेत जाण्याआधी एक गोष्ट तपासा: तुमचं पीक कर्ज वेळेत नवं-जुनं झालंय का? थकीत दिसलं तर मुलीचं कर्ज तिथेच अडतं. थकीत असेल तर आधी ते मिटवा आणि बाकी नसल्याचा दाखला फाईलला लावा.

व्याजाचं गणित समजून घ्या, कारण लोक फसतात ते इथे. हप्ता शिक्षण संपून एक वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. दरवर्षी ७५,००० उचलले आणि दर १० टक्के धरला, तर पहिल्या उचलीवर पाच वर्षांचं सरळ व्याज ३७,५०० होतं, दुसरीवर ३०,०००, तिसरीवर २२,५००, चौथीवर १५,०००. मिळून १,०५,०००. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी ३ लाखांचे ४,०५,००० झालेले असतात. सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ६,७२५ रुपये, दहा वर्षांत फेडायचे तर ५,३५०.

तुमचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आहे, त्यामुळे केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत हे मधल्या काळातलं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कर्ज शेड्यूल्ड बँकेचं आणि बँक संघटनेच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतलं हवं. पतसंस्थेचं, सोनं तारणावरचं किंवा वैयक्तिक कर्ज यात धरत नाहीत. कॉलेजला नॅक किंवा त्या शाखेला एनबीए मानांकन हवं, ते प्रवेशाआधी बघा. मुलीने शिक्षण मध्येच सोडलं तर अनुदान बंद होतं. मंजुरीच्या वेळीच उत्पन्नाचा दाखला देऊन 'माझं खातं व्याज अनुदानासाठी नोंदवा' असा अर्ज द्या, कारण पुढे बँक स्वतःहून विचारेल याचा भरवसा नाही. अनुदान मिळालं तर ३ लाखांचा सात वर्षांचा हप्ता ४,९८० वर येतो.

आमचा ठोकताळा असा आहे: हप्ता पहिल्या हातातल्या पगाराच्या चौथ्या हिश्शापुढे जाऊ नये. २२,००० पगाराला ५,५०० ची मर्यादा येते आणि तुमचं ३ लाखांचं कर्ज त्यात बसतं. सगळे १४ लाख सोडा, एजंटच्या वाटेने १० लाखांचंच कर्ज धरलं, तरी मधलं व्याज न मोजता दहा वर्षांचा हप्ता १३,२०० च्या पुढे जातो. उरलेल्या नऊ हजारांत पुण्यात मुलगी राहणार कशी? घरातल्यांना हाच हिशोब दाखवा. किती खर्च करायचा हे पहिल्या पगाराकडून उलटं मोजत यायचं. मोठ्याला नोकरी नाही म्हणून धाकटीचं शिक्षण अडवणं हा हिशोबच नाही.

आणि मोठ्याचं शिक्षणही वाया गेलेलं नाही. केमिस्ट्रीच्या बी.एस्सी.ला नोकरीची दारं ठरलेली आहेत आणि ती मोबाईलवरच्या शंभर अर्जांत सापडत नाहीत. एक दार शिकाऊ उमेदवारीचं. 'अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट' आणि 'लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट' असे दोन ट्रेड आहेत, त्यात बी.एस्सी. केमिस्ट्रीची मुलं घेतात. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या ट्रॉम्बे आणि थळच्या कारखान्यांत आणि तेलशुद्धीकरण कंपन्यांत या जागांच्या जाहिराती निघतात. वयाची मर्यादा बऱ्याचदा २५ असते, ओबीसींना सवलत धरूनही उशीर परवडणारा नाही. शेवटी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्राची परीक्षा असते, आणि पुढे ऑपरेटर भरतीत 'बी.एस्सी. अधिक हे प्रमाणपत्र' अशीच अट येते. म्हणून या उमेदवारीचं मोल विद्यावेतनापेक्षा प्रमाणपत्रात आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन ९,००० धरलं होतं. त्याने नॅट्स आणि अप्रेंटिसशिप इंडिया या दोन्ही पोर्टलवर नोंदणी करावी.

दुसरं दार औषध आणि रसायन कारखान्यांचं. तुमच्यापासून दौंडजवळचं कुरकुंभ आणि सोलापूरचं चिंचोली या एमआयडीसी त्यातल्या त्यात जवळच्या. त्यापुढे महाड, लोटे, रोहा, पाताळगंगा, तारापूर. हे कारखाने वॉक-इन मुलाखती घेतात. त्याला उत्पादन विभागात घेतील किंवा क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या) लॅबमध्ये. उत्पादनात शिफ्ट आणि वास-धूळ असते, पण फ्रेशरला तिथे लवकर जागा मिळते. क्यूसीत जायचं असेल तर हात बसलेला लागतो.

मुलाखतीत त्याला पुस्तकातल्या व्याख्या कमी आणि बाकावरची कामं जास्त विचारतील. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ५०० मिली करायला किती ग्रॅम लागेल? उत्तर २ ग्रॅम. मग ते पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने स्टँडर्डाइझ का करायचं, म्हणजे त्याची खरी तीव्रता का पडताळायची? कारण सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, वजन करून घेतलेल्या आकड्यावर विसंबता येत नाही. एचपीएलसीची (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोबाईल फेज, म्हणजे त्यातून वाहणारा द्रव, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतात, तिच्यातली हवा का काढतात, पीएच मीटर रोज का कॅलिब्रेट करतात? नोंदवहीत आकडा चुकला तर काय करशील? व्हाइटनर लावायचं नाही, गिरवायचं नाही. एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. या शेवटच्या प्रश्नावर चांगले टक्के असलेली मुलं पडतात.

एचपीएलसीचा चार-सहा आठवड्यांचा कोर्स करायला हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी तिथे जाऊन बघावं की यंत्र स्वतःच्या हाताने चालवायला मिळतं का. नुसतं पडद्यावर दाखवत असतील तर परत यावं. बायोडाटा एका पानाचा. 'प्रामाणिक, कष्टाळू' हे शब्द काढून कोणती टायट्रेशन्स, कोणती उपकरणं आणि कोणता प्रोजेक्ट केला ते लिहावं. दीड वर्षाच्या खंडाबद्दल विचारतीलच. शेतीत होतो आणि या-या गोष्टी शिकलो, असं सरळ सांगावं.

कन्सल्टन्सीचं म्हणाल तर कंपन्या माणूस मिळवून दिल्याबद्दल एजन्सीला स्वतः पैसे देतात, उमेदवाराकडून आगाऊ मागत नाहीत. ३५,००० मागणारा माणूस बहुधा ठेकेदाराच्या हजेरीवर दोन महिने लावतो आणि मग काम संपलं म्हणतो. ठेकेदाराकडून नोकरी घ्यायला ना नाही, पण नियुक्तीपत्र, पीएफचा यूएएन नंबर आणि २१,००० च्या आतल्या पगाराला ईएसआयसी (कामगार विमा) या तीन गोष्टी पहिल्या महिन्यात मिळाल्या पाहिजेत. मूळ मार्कशीट कुणी ठेवून घेत असेल तर ती नोकरी घेऊ नये.

या आठवड्यात दोघा भावंडांना कामाला लावा. मुलगा दोन्ही पोर्टलवर नोंदणी करेल आणि येत्या महिन्यात कुरकुंभला दोन चकरा मारेल. मुलगी जात पडताळणी समितीकडे वैधतेची स्थिती आणि बँकेत आधार सीडिंग बघेल. तुम्ही फीची लेखी फोड आणि प्रवेशपत्र घेऊन साहेबांकडे जा, आणि जाताना मुलीला सोबत न्या, कारण कर्ज तिच्या नावावर निघणार आहे आणि मंजुरीपत्रावरचा व्याजदर तिने स्वतः वाचलेला असावा.